गॅस आला, तरी चूल का पेटते?

७ सप्टेंबर २०१९ रोजी, तेव्हाच्या औरंगाबादेत, उज्ज्वला योजनेतली आठ कोटीवी गॅसजोडणी पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. मार्च २०२० पर्यंत गाठायचं उद्दिष्ट सात महिने आधीच पुरं झालं होतं. आज हा आकडा दहा कोटींच्या पुढे आहे. सरकारी योजनेत असं क्वचितच घडतं, त्यामुळे त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण त्याच वर्षाचा आणखी एक आकडा आहे आणि तो मात्र सहसा कुणी सांगत नाही. २०१९-२० मध्ये उज्ज्वलाच्या एका घराने वर्षभरात सरासरी तीन टाक्या भरून घेतल्या. २०२४-२५ पर्यंत हे प्रमाण साडेचारच्या आसपास आलं. चार-पाच माणसांच्या घरात सगळं गॅसवरच होत असेल, तर १४.२ किलोची टाकी महिना-दीड महिना पुरते, हे तुम्हाला-आम्हाला माहीत आहे. मग उरलेलं वर्ष त्या घरात स्वयंपाक कशावर होतो?

गॅसचे दर वाढले की बातम्यांमध्ये दोन गट पडतात. एक म्हणतो, लोकांना फुकटाची सवय लागली. दुसरा म्हणतो, योजना म्हणजे नुसता देखावा. दोघांनाही प्रश्न सोपा वाटतो. खरं तर या एका प्रश्नावर चाळीसेक वर्षं इंजिनिअर, डॉक्टर, अर्थशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि हवामानाचे अभ्यासक डोकं लावून बसले आहेत. प्रत्येकाने आपापल्या विषयातलं खणखणीत उत्तर दिलं आणि प्रत्येकाचं उत्तर पुढच्याने खोडून काढलं. तंत्रज्ञान, पर्यावरण आणि माणसाचं सुखदुःख यांचा एकत्र अभ्यास करायचा म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही.

धूर म्हणजे न जळलेलं सरपण

लाकूड थेट पेटत नाही. आधी ते तापतं, त्यातून वायू बाहेर पडतात आणि ते वायू पेटतात. आपल्याला दिसते ती ज्वाळा या वायूंची. ते पुरते जळायला तीन गोष्टी लागतात: भरपूर उष्णता, भरपूर हवा आणि थोडा वेळ. यातली एक जरी कमी पडली तरी अर्धवट जळालेले वायू, डांबराचे थेंब आणि काजळी तशीच बाहेर येते. तोच धूर. पावसाळ्यात ओल्या काटक्या पेटवताना डोळ्यांतून पाणी का येतं, याचं उत्तर यातच आहे. उष्णता लाकडातलं पाणी उडवण्यात खर्च होते आणि वायू जळायचे राहतात.

या धुरातले सगळ्यात घातक कण दिसतही नाहीत. अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढ्या, कणांना पीएम २.५ म्हणतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वर्षभराच्या सरासरीने घनमीटर हवेत हे कण ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. भारताची अधिकृत मर्यादा ४० आहे. आणि चूल पेटलेली असताना बंद स्वयंपाकघरात हा आकडा काही शेकड्यांत असतो, कधी हजाराच्याही वर जातो.

हे मोजायचं कुणाच्या मनात फार काळ आलंच नव्हतं. हवेचं प्रदूषण म्हटलं की कारखान्याचं धुराडं, नाहीतर शहरातली वाहनं. १९८१ मध्ये कर्क स्मिथ हे अमेरिकी अभ्यासक आणि त्यांचे भारतीय सहकारी गुजरातच्या खेड्यांत गेले. त्यांनी यंत्र गावच्या चौकात न ठेवता स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या अंगावर बांधलं. तिच्या श्वासात जाणारी हवा तेव्हाच्या कुठल्याही औद्योगिक शहरातल्या हवेपेक्षा वाईट निघाली. यंत्राची जागा बदलली आणि अख्खा विषय उभा राहिला. घरातल्या धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ३२ लाख मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालासाठीचा अंदाज आहे. लहान मुलांचा न्यूमोनिया, मोठ्यांचा जुनाट श्वसनरोग, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, सगळं त्यात येतं.

“आमच्या आजीने जन्मभर चूल फुंकली, नव्वदीत गेली”

हे वाक्य प्रत्येक चर्चेत येतंच. आजी जगली, हे खरंच आहे. पण तिच्या सात-आठ लेकरांपैकी किती जगली, हेही विचारून पाहावं. जुन्या घरांत एखादं-दुसरं मूल “छाती भरून” गेलेलं असे आणि त्याला देवाची मर्जी म्हणत. आजीची ढास, तिचा मोतीबिंदू, जिना चढताना लागणारी धाप, हे सगळं वयाच्या खात्यावर जाई. नव्वदी गाठलेली आजी आपल्याला दिसते, कारण ती उरली. जी उरली नाहीत त्यांचा दाखला द्यायला कुणी नसतं.

इंजिनिअर म्हणाले, चूल सुधारा

भारतात १९८३ च्या सुमाराला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्या गेल्या. आपल्याकडे तिला ‘निर्धूर चूल’ म्हणत. दोन भांड्यांची सोय, मागे छपरातून बाहेर काढलेलं धुराडं.

गंमत अशी की या चुलीचा मूळ हेतू धूर कमी करणं हा नव्हताच. सत्तरच्या दशकात तेल महागलं, जंगलं विरळ होत होती आणि सरपणाच्या टंचाईची धास्ती होती. त्यामुळे सरपण वाचवणारी चूल हवी होती. इथे एक तांत्रिक पेच आहे. चुलीची कार्यक्षमता दोन प्रकारची असते. लाकडातली किती उष्णता भांड्याला पोचते, ही एक. लाकूड किती पुरतं जळतं, ही दुसरी. भांडं आणि चूल यांच्यातली फट कमी केली तर उष्णता वाया जात नाही, सरपण वाचतं. पण हवेची वाटही अरुंद होते आणि जळण अर्धवट राहतं. म्हणजे सरपणाच्या हिशेबात पास झालेली चूल धुराच्या हिशेबात नापास होऊ शकते. वनखात्याने गुण दिले असते, डॉक्टरने दिले नसते.

धुराड्याचंही तसंच. ते धूर घराबाहेर काढतं, नाहीसा करत नाही. शिवाय त्यात काजळी साठते आणि ते दर काही आठवड्यांनी साफ करावं लागतं. पाऊस, उंदीर, फुटलेला पाइप, वेगळ्या मापाचं पातेलं, काहीही निमित्त पुरतं. चूल बसवणाऱ्याला बसवण्याचे पैसे मिळत, ती चालू ठेवण्याचे नाही. त्यामुळे अनेक घरांत वर्ष-दोन वर्षांत निर्धूर चूल सरपण रचायचा ओटा झाली.

चीनने याच काळात सुमारे १३ कोटी चुली बसवल्या आणि त्यांचं काम आपल्यापेक्षा बरं झालं. तिथे बहुतेक खर्च घराने स्वतः करायचा होता आणि सुरुवात सरपणाची खरी टंचाई असलेल्या भागांतून झाली होती. पुण्याच्या आनंद कर्वे यांच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेनेही, म्हणजे ‘आरती’ने, गावोगावच्या कारागिरांना चुली बनवून विकण्याचा धंदा शिकवायची वाट धरली. फुकट वाटलेल्या चुलीची डागडुजी कुणी करत नाही, विकत घेतलेल्या चुलीबद्दल मात्र माणूस तक्रार घेऊन कारागिराच्या दारात येतो, हा त्यामागचा साधा व्यवहार.

अर्थशास्त्रज्ञ चार वर्षं थांबले

प्रयोगशाळेत निर्धूर चूल चांगलं काम करते, यावर वाद नव्हता. मग घरात काय होतं? रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या तिघांनी ओडिशात सुमारे २,६०० घरांत हे तपासलं. पद्धत औषधाच्या चाचणीसारखी. चिठ्ठ्या टाकायच्या. काहींना चूल आत्ता, काहींना नंतर. दोन्ही गट बाकी सगळ्या बाबतींत सारखे असल्यामुळे पुढे जो फरक पडेल तो चुलीचाच. यांतल्या डुफ्लोंना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं, गरिबीच्या प्रश्नांवर नेमके असे प्रयोग करण्यासाठी.

पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धुराचा अंश घटला. त्या वर्षी अहवाल लिहिला असता तर योजना यशस्वी ठरली असती. पण ते चार वर्षं मोजत राहिले आणि फरक विरून गेला. तब्येतीत सुधारणा नाही, सरपणाची बचत नाही. लोक चूल कमी वापरत होते, नीट राखत नव्हते.

इंजिनिअर मंडळी चिडली, आणि त्यांचा एक मुद्दा रास्त होता: ओडिशातली चूल मातीची, स्वस्तातली होती, त्यावरून सगळ्या सुधारित चुलींना नापास करू नका. मान्य. पण सरकारे वाटतात त्या चुली स्वस्तातल्याच असतात, हेही तितकंच खरं.

याच सुमाराला ग्रँट मिलर आणि मुश्फिक मोबारक यांनी बांगलादेशात वेगळीच गोष्ट दाखवली. चूल निवडायची वेळ आली तेव्हा तब्येतीला बरी असलेली चूल बायकांना पुरुषांपेक्षा जास्त हवी होती. पण त्या चुलीसाठी पैसे मोजायची वेळ आली की हा फरक पुसला जायचा, कारण पैशाचा निर्णय बायकांच्या हातात नव्हता. “बायकांमध्ये जनजागृती करा” हा सल्ला देणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा. जिच्या डोळ्यांत धूर जातो तिला धुराची माहिती द्यायला बाहेरून माणूस लागत नाही.

डॉक्टरांना बसलेला धक्का

ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात २००२ ते २००४ या काळात कर्क स्मिथ आणि सहकाऱ्यांनी पाचशेहून अधिक घरांत धुराड्याची भक्कम चूल देऊन अभ्यास केला. मुलांच्या अंगात जाणारा धूर निम्म्यावर आला. अर्धा धूर गेला म्हणजे आजारही अर्धे जातील, असं आपण म्हणू. तसं झालं नाही. डॉक्टरांनी निदान केलेल्या एकूण न्यूमोनियात खात्रीने सांगता येईल अशी घट दिसली नाही, फक्त गंभीर न्यूमोनिया साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी झाला. पुढे मलावीत दहा हजारांवर मुलांच्या अभ्यासात पंख्याची आधुनिक चूल देऊनही न्यूमोनियात फरक पडला नाही.

असं का व्हावं? भाजीत चुकून चार चमचे तिखट पडलं आणि त्यातलं दोन चमचे काढता आलं, तरी खाणाऱ्याच्या तोंडाची आग थांबत नाही. ते अर्ध्या चमच्यावर आलं तर जिभेला खरा फरक कळतो. धुराचंही असंच आहे. तो फार जास्त असतो तेव्हा ‘निम्मा’ म्हणजेही फार जास्तच. शरीराला फायदा दिसायला लागतो तो एकदम खालच्या पातळीवर आल्यावर. त्यामुळे ६० टक्के सुधारलेली चूल ही ६० टक्के उपयोगी असते, हा इंजिनिअरी हिशेब शरीराला लागू पडत नाही.

स्वतः स्मिथ यांचं मत यातून बदलत गेलं. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी घरात आहे तेच सरपण स्वच्छ जाळण्याच्या प्रयत्नांना दिला होता. नंतर ते म्हणू लागले, जे इंधन मुळातच स्वच्छ आहे तेच गरिबांपर्यंत न्या. भारतात गॅस गरिबांपर्यंत पोचवण्याच्या धोरणाचे ते खंदे पुरस्कर्ते होते. २०२० मध्ये ते गेले.

मग गॅस दिला. तेव्हा तरी?

भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा. चार देशांत मिळून ३,२०० गरोदर बायका, पुन्हा चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाला शेगडी फुकट आणि अठरा महिने गॅसही फुकट, घरपोच. भारतातला भाग तमिळनाडूत होता. या घरांत चुली जवळजवळ बंद झाल्या. गॅसच्या गटातल्या बायकांच्या श्वासातले पीएम २.५ घनमीटरमागे २४ मायक्रोग्रॅमच्या आसपास होते, चुलीच्या गटात ७० च्या आसपास. एवढा मोठा फरक आधीच्या अभ्यासांत क्वचितच साधला होता.

आणि बाळांच्या वजनात फरक? सुमारे २० ग्रॅम. म्हणजे खात्रीने काही म्हणता येऊ नये इतका. पुढे न्यूमोनियात नाही, मुलांच्या उंचीतही नाही.

हे निकाल २०२२ ते २०२४ या काळात आले आणि अभ्यासकांची पंचाईत झाली. कुणी म्हणालं, गॅस दिला तो गर्भारपणाचे दोन-चार महिने उलटल्यावर. कुणी म्हणालं, २४ म्हणजेही ५ च्या मर्यादेच्या जवळपास पाचपट, कारण बाहेरची हवा आणि शेजारचा धूर आहेच. कुणी म्हणालं, बाळाचं वजन आईचं खाणं, रक्तक्षय, कामाचा बोजा यांवर जास्त ठरतं. मला यातलं शेवटचं सर्वांत पटतं, पण ते माझं मत झालं.

यातून “गॅसचा काही उपयोग नाही” असा अर्थ काढणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की अठरा महिन्यांच्या अभ्यासात चाळीस वर्षांच्या धुराने होणारा श्वसनरोग दिसत नाही. तो दिसायला तितकाच काळ लागेल. शिवाय सरपणासाठी केलेली पायपीट, डोक्यावरची मोळी आणि भांडी घासताना निघणारी काजळी हे यातल्या कुठल्याच तक्त्यात नाही.

शेजारच्या धुराचा मुद्दा मात्र नीट लक्षात घ्यावा. भारतात घराबाहेरच्या हवेतल्या पीएम २.५ पैकी साधारण पाव ते तृतीयांश कण घरगुती जळणातून येतात. दिल्लीच्या धुरक्यावर रकाने भरतात तेव्हा चुलीचं नाव त्यात फारसं नसतं. एका घराने गॅस घेतला तरी आळीतल्या बाकी वीस चुली त्याच्याही खिडकीतून आत येतात. त्यामुळे फायदा घराघराने मिळत नाही, गावाने मिळतो.

एका घरात डोकावून

चूल किती वेळ पेटते, हे लोकांना विचारून कळत नाही. पाहुण्यासमोर माणूस त्याला बरं वाटेल ते सांगतो. म्हणून अभ्यासकांनी नाण्याएवढा तापमापक चुलीला चिकटवायला सुरुवात केली. चूल तापली की तो वेळ नोंदवतो. गॅसच्या शेगडीलाही एक. महिन्याने दोन्ही काढून आणायचे आणि आलेख पाहायचा. या छोट्या वस्तूने मोठमोठ्या अहवालांची हवा काढली, कारण आलेखात जवळजवळ सगळीकडे एकच चित्र दिसलं: घरात दोन्ही पेटतात.

पश्चिम महाराष्ट्रातलं शेतकरी घर डोळ्यांसमोर आणा. पहाटे आधी पेटते ती न्हाणीजवळची चूल, नाहीतर बंब. पाचसहा माणसांच्या अंघोळीचं पाणी गॅसवर तापवायचा विचारही कुणी करत नाही. चहा गॅसवर, कारण पटकन होतो. फोडणी गॅसवर. भाकरी चुलीवर. ती तव्यावर भाजली की आराजवळ उभी टेकवायची. निखाऱ्याच्या धगीने पापुद्रा फुगतो आणि भाकरी करपत नाही. गॅसच्या ज्वाळेवर हे जमतं, पण पंधरा-वीस भाकऱ्या थापायच्या तर तिथे लक्ष सतत ठेवावं लागतं आणि मोठा तवा छोट्या शेगडीवर डुगडुगतो. दुपारी डाळ शिजायला वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, ठेवून बाई शेतात जाते, आर आपोआप विझत जातो. संध्याकाळी पाहुणे आले की पुन्हा गॅस. टाकी संपत आली असेल तर गॅस फक्त चहापुरता.

अशा घरांत सरपण विकतचं नसतं. विदर्भात पऱ्हाट्या, मराठवाड्यात तुराट्या, सगळीकडेच बांधावरची बाभूळ आणि गोठ्यातल्या गोवऱ्या. त्याला वेळ आणि बाईची कंबर लागते, रोख पैसा लागत नाही. टाकीला रोख लागतो आणि तोही एकदम. कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यात गॅस-विक्रीच्या नोंदी तपासल्या तेव्हा उज्ज्वलाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या घरांनी पहिल्या वर्षात एकही टाकी भरलेली नव्हती. विक्री कमी-जास्त व्हायची ती शेतीच्या हंगामाप्रमाणे. उन्हाळ्यात रानात काम नाही, हातात मजुरी नाही आणि सरपण मात्र वाळून खडखडीत. सुगी झाली की टाकी येते. लोक अडाणी आहेत म्हणून असं वागत नाहीत. घरात दोन इंधनं आहेत, एकाला पैसे पडतात, दुसऱ्याला पडत नाहीत. त्या घरात आपण असतो तर आपणही हेच केलं असतं.

हरियाणाच्या पलवल भागात अभ्यासकांना दिसलं की जनावरांचा दाणाचारा शिजवणं आणि दूध मंद आचेवर तापत ठेवणं ही कामं वेगळ्याच चुलीवर होतात. तिथल्या बाईला कितीही उत्तम शेगडी दिली तरी ती चूल पेटणारच, कारण म्हशीसाठी कुणी शेगडी बनवलेली नाही. इंजिनिअर ‘स्वयंपाक’ एवढंच मोजत होते. घर मात्र पाणी, वैरण, दूध आणि थंडीतली ऊब असं सगळं एकाच आगीवर भागवत होतं.

“पण गॅस तर खनिज इंधन. मग पर्यावरणाचं काय?”

हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो. लाकूड पुन्हा उगवतं, गॅस उगवत नाही. मग चूलच हिरवी नाही का?

दोन गोष्टी. लाकूड पुरतं जळलं आणि तेवढंच पुन्हा उगवलं, तरच हिशेब शून्य होतो. जगात तोडल्या जाणाऱ्या सरपणाचा साधारण पाव ते तृतीयांश भाग पुन्हा उगवत नाही असा अंदाज आहे. आणि चुलीत ते पुरतं जळतही नाही. त्यातून निघणारा मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो. काजळी ऊन शोषून हवा तापवते आणि हिमालयाच्या बर्फावर बसली तर बर्फ लवकर वितळतो. हे सगळं धरलं तर गॅसवर गेलेल्या गरीब घराचं ओझं वातावरणावर नगण्य ठरतं. हवामान वाचवायची सुरुवात त्या घराच्या टाकीपासून करा, हे मला तरी निर्लज्जपणाचं वाटतं.

उलट, चुलीच्या नावाने हवामानाचा धंदा मात्र जोरात चालला. सुधारित चूल वाटायची, त्यामुळे अमुक टन कार्बन वाचला असं दाखवायचं आणि त्याचं प्रमाणपत्र परदेशी कंपनीला विकायचं, याला कार्बन क्रेडिट म्हणतात. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी अशा प्रकल्पांचा नमुना तपासला तेव्हा दाखवलेली बचत खऱ्या बचतीच्या सुमारे नऊपट निघाली. कारण तेच जुनं. नवी चूल रोज वापरतात आणि जुनी बंद झाली, असं कागदावर धरलेलं होतं. नाण्याएवढा तापमापक तिथे कुणी लावला नव्हता.

गॅसचा खरा अडसर दुसरा आहे. आपण वापरतो त्यातला निम्म्याहून जास्त गॅस आयात होतो. आखातात गडबड झाली की त्याचा चटका गावच्या शेगडीपर्यंत येतो.

वीज, गोबरगॅस आणि बाकीचे पर्याय

इंडक्शनची शेगडी स्वस्त झाली आहे आणि सरकारी पातळीवरही २० लाख शेगड्या वाटायची घोषणा २०२३ मध्ये झाली. तिला दीड-दोन हजार वॉट लागतात. संध्याकाळी सात वाजता गावातली शंभर घरं एकदम तिला लावली तर जुनं रोहित्र टिकेल का, हे वायरमनला विचारावं. सपाट बुडाचीच भांडी लागतात, भाकरी फुगत नाही. शहरालगतच्या गावांत मात्र हा पर्याय येत्या काही वर्षांत जमेल असं दिसतं.

गोबरगॅस जुना आणि चांगला, पण त्याला चार-पाच जनावरं, रोजचं पाणी आणि कालवणारा माणूस लागतो. जनावरं कमी होत चालली आहेत. ‘आरती’ने शेणाऐवजी खरकटं आणि खराब पीठ-धान्य घालायचं, प्लास्टिकच्या दोन टाक्या एकात एक उलट्या बसवून केलेलं छोटं संयंत्र बनवलं. त्याला २००६ मध्ये ब्रिटनचं ॲश्डेन पारितोषिक मिळालं. कल्पना फार हुशारीची. पण गरिबाच्या घरात खरकटं उरतं किती?

चुलीवरच्या जेवणाच्या चवीबद्दल एवढंच, की ती खरी आहे. हायवेवरचे ढाबे तिच्यावरच चालतात. ती चव घेणारा आणि तिच्यासाठी फुंकणी हातात धरणारी, ही बहुधा दोन वेगळी माणसं असतात.

मग मोजायचं काय?

गॅसजोडण्या मोजून झाल्या. आता घरटी भरलेल्या टाक्या मोजायला हव्यात, तालुक्यावार आणि महिन्यावार. कंपन्यांकडे हा हिशेब आधीच असतो. चैत्र-वैशाखात ज्या तालुक्यात विक्री कोसळते तिथे रोखीची अडचण आहे. जिथे बारा महिने कमी आहे तिथे टाकी घरापर्यंत पोचतच नसावी. डोंगरावरच्या वाडीत गाडी जात नाही आणि टाकी डोक्यावरून आणायला पुन्हा बाईच लागते.

सबसिडीचंही तसंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये उज्ज्वलाच्या टाकीवरची सूट ३०० रुपये झाली, पण ती मागाहून बँकेत जमा होते. टाकी दारात आली की आधी पूर्ण रक्कम मोजावी लागते. हातावर पोट असलेल्या घरात “मागाहून” या शब्दाला फार किंमत नसते. तमिळनाडूतल्या अभ्यासात चुली विझल्या, कारण तिथे रोख पैसा मधे येतच नव्हता. पाच किलोची छोटी टाकी आहे, पण ती प्रत्येक वितरकाकडे सहज मिळत नाही. सूट टाकी घेतानाच वजा झाली आणि छोटी टाकी किराणा दुकानात ठेवली, तर काय होतं, हे एखाद्या तालुक्यात दोन वर्षं करून बघता येईल. पण चुलीला तापमापक लावून. आणि दुसरा न्हाणीतल्या बंबाला, कारण पाण्याचा हिशेब अजून कुणी नीट केलेला नाही.